बिननावाचे मृत्यू आणि चैत्राचं ऊन

13 मे 2024 च्या दुपारी घाटकोपरच्या छेडानगरात वादळी वाऱ्याने एक अवाढव्य होर्डिंग पेट्रोलपंपावर कोसळलं. 17 जण गेले. मृतांची नावं छापून आली, गुन्हा दाखल झाला, अटक झाली, होर्डिंगच्या परवानगीवरून पुढे बरेच दिवस वाद चालला. त्याआधी चार आठवडे, 16 एप्रिलला, सांताक्रूझच्या वेधशाळेत पारा 39.7 अंशांवर पोचला होता आणि हवामान खात्याने उष्णतेच्या लाटेचा इशारा दिलेला होता. त्या दोन-तीन दिवसांत उन्हाने अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमध्ये कोणाचा जीव घेतला असेल, तर त्या माणसाचं नाव सांगता येत नाही. डॉक्टरला येत नाही, पोलिसांना येत नाही, त्याच्या घरच्यांनाही येत नाही. घरच्यांच्या लेखी तो हार्ट अटॅकने गेला, किंवा किडनीने, किंवा वयाने.

इथे धर्माचा आणि तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न नव्याने उभा राहतो. ज्या मृत्यूचं कारण एकेका माणसाच्या बाबतीत दाखवता येत नाही, पण सगळ्या गावाच्या बाबतीत स्पष्ट दिसतं, तो मृत्यू कोणाच्या खात्यावर मांडायचा? मेलेल्याच्या प्रारब्धावर, ऋतूवर, की मागे राहिलेल्यांच्या वागण्यावर?

आधी दाखल्याकडे पाहू. राजावाडी, कूपर, भगवती किंवा मुलुंडच्या अगरवाल रुग्णालयात माणूस गेला की डॉक्टर नमुना क्रमांक 4 भरतात. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याखालचा हा कागद. त्याच्या पहिल्या भागात मृत्यूचं तात्काळ कारण, त्यामागचं कारण आणि सगळ्याच्या मुळाशी असलेलं कारण लिहायचं असतं. दुसऱ्या भागात मृत्यूला हातभार लावणाऱ्या इतर गोष्टी. समजा, असल्फ्याच्या टेकडीवर पत्र्याखालच्या खोलीत राहणारी सत्तरीची एक आजी आहे. तिला मधुमेह आहे, रक्तदाब आहे. तीन रात्री उकाड्याने तिचा डोळा लागलेला नाही. चौथ्या दुपारी तिच्या छातीत कळ येते आणि ती जाते. डॉक्टर हृदयविकार लिहितात, आणि ते खरंच आहे. शरीर थंड ठेवण्यासाठी हृदय कातडीकडे जास्त रक्त ढकलत राहतं, घामावाटे पाणी जातं, रक्त दाट होतं, मूत्रपिंडांवर ताण येतो; त्यातून जे आधीच दुबळं असेल ते पहिलं बंद पडतं. ऊन शरीरात शिरून दुसऱ्याच आजाराच्या नावाने काम करतं. ‘उष्माघात’ हा शब्द लिहायचा तर अंगातलं तापमान 40 अंशांवर गेलेलं कोणीतरी वेळेत मोजलेलं असावं लागतं, भान हरपल्याचं पाहिलेलं असावं लागतं. घरातच गेलेल्या आजीच्या बाबतीत ते कोण पाहणार?

संख्याशास्त्रज्ञ या कोंडीतून वेगळ्या वाटेने बाहेर पडतात. ते दाखल्यावरच्या कारणाशी अडून बसत नाहीत. कोणत्या तारखेला एकूण किती माणसं गेली, एवढंच आधी घेतात. कोविडच्या आधी मुंबईत वर्षाला सुमारे 90,000 मृत्यूंची नोंद होत असे, म्हणजे दिवसाला अडीचशेच्या आसपास. हा आकडा ऋतूप्रमाणे हलतो, वर्षागणिक सरकतो, वारानुसारही थोडा बदलतो. ही सगळी नेहमीची हालचाल गणिताने बाजूला काढली की उरलेल्या चढउतारात तापमानाचा हात किती, हे शोधता येतं. यात शहराची तुलना दुसऱ्या शहराशी होत नाही, त्याची स्वतःशीच होते. म्हणून गरिबी, तंबाखू, दाटीवाटी यांसारख्या गोष्टी, ज्या मंगळवारी आणि बुधवारी सारख्याच असतात, त्या आपोआप हिशेबातून गळतात. शिवाय उन्हाचा घाव त्याच दिवशी लागतो असं नाही. आज तापलं तर परवाही माणसं जातात. त्यामुळे आजच्या मृत्यूंचा संबंध आजच्या, कालच्या आणि त्याआधीच्या दिवसांच्या उष्णतेशीही जोडून पाहिला जातो. समजा 250 ची अपेक्षा असताना 265 गेले. तर 15 अतिरिक्त. त्या 265 मधले 15 कोणते, याला मात्र उत्तर नाही, आणि कितीही उत्तम संगणक आणला तरी ते मिळणार नाही.

मोजणीच्या या गणितात ज्या सिमेऑं द्नी प्वासाँ या गणितज्ञाचं नाव सतत येतं, त्याने आपलं वितरण 1837 साली मांडलं ते न्यायालयांच्या निकालांवरच्या पुस्तकात. फौजदारी आणि दिवाणी खटल्यांत ज्यूरीचा निर्णय चुकण्याची शक्यता किती, हा त्याचा विषय होता. दोषी कोण, या चिंतेपोटी जन्मलेलं सूत्र आज दोषी कोणीच सापडत नाही अशा मृत्यूंची मोजणी करतं. त्याहून जवळपास शंभर वर्षं आधी, 1741 मध्ये, योहान पेटर झ्यूसमिल्ख या प्रशियन धर्मोपदेशकाने जन्ममृत्यूंच्या आकड्यांतली नियमितता पाहून ग्रंथ लिहिला आणि त्या नियमिततेत त्याला ईश्वराची व्यवस्था दिसली. माणूस एकेकटा केव्हा मरेल सांगता येत नाही, पण गाव मिळून किती मरतील हे जवळजवळ सांगता येतं, याचं त्याला वाटलेलं आश्चर्य भक्तीच्या जातीचं होतं. नंतरच्या शतकांत देव त्या आकड्यांतून मागे सरला, नियमितता राहिली. आणि नियमितता एकदा हातात आली की ती कुठे मोडते हेही दिसू लागतं.

मुंबईचा समावेश असलेला असा एक मोठा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. अहमदाबाद, दिल्ली, मुंबई, पुणे, चेन्नई, कोलकाता, वाराणसी, शिमला अशा दहा भारतीय शहरांतले 2008 ते 2019 या काळातले सुमारे 36 लाख मृत्यू त्यात तपासले होते. त्या त्या शहराच्या मानाने अत्यंत उष्ण असे दोन दिवस सलग आले की रोजचे मृत्यू सरासरी 14.7 टक्क्यांनी वाढतात, असं त्यातून निघालं. या लाटांमुळे दहा शहरांत मिळून वर्षाला 1,116 मृत्यू होत असावेत, असा अंदाज. खरा आकडा 861 ते 1,361 यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. लाट लांबली आणि तापमान आणखी चढलं की धोका वाढतो. शिमल्याचं अत्यंत ऊन आणि अहमदाबादचं अत्यंत ऊन एक नव्हे, हे या मांडणीत गृहीत आहे, आणि ते फार महत्त्वाचं आहे, कारण शरीर आपापल्या गावच्या हवेला सरावलेलं असतं.

861 ते 1,361. या दोन आकड्यांमधली पाचशे माणसं गेली की नाहीत हेही ठाऊक नसणं काहींना विज्ञानाचं अपयश वाटतं. खरं तर आपलं ज्ञान कुठे संपतं हे इतक्या नेमकेपणाने सांगणारी शिस्त कुठल्याही निरूपणाला शोभेल.

या आकड्यांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. तो संख्याशास्त्रज्ञही घेतात आणि चाळीच्या जिन्यात बसलेले म्हातारेही घेतात. गेलेली आजी नाहीतरी आजारीच होती, चार आठवड्यांनी गेलीच असती. तिची वेळ आली होती, ऊन निमित्त झालं. आकड्यांच्या भाषेत याची चाचणी आहे. लाटेनंतरच्या आठवड्यांत मृत्यू नेहमीपेक्षा कमी झाले, तर समजायचं की जे थोड्याच दिवसांत जाणार होते तेच जरा लवकर गेले. अशी घट काही लाटांनंतर खरोखर दिसते. पण मोठ्या लाटांचा सगळा आकडा तिने फिटत नाही. 2003 च्या उन्हाळ्यात युरोपात 70,000 च्या वर अतिरिक्त मृत्यू झाले. त्यातल्या सर्वांचीच वेळ भरत आली होती असं म्हणायला आधार नाही.

वेळ भरण्याचा हा प्रश्न चरकसंहितेत अगदी याच शब्दांच्या जवळ येऊन विचारलेला आहे, आणि तोही उन्हाळ्यात. विमानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात पांचाल देशातल्या काम्पिल्य नगरीजवळ, ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात, पुनर्वसू आत्रेय गंगेच्या काठाने शिष्यांसह फिरत आहेत. अग्निवेश त्यांना विचारतो की माणसांची प्रकृती वेगळी, आहार वेगळा, बळ वेगळं, वय वेगळं. मग एकाच वेळी एकाच रोगाने गावंच्या गावं कशी ओस पडतात? साथरोगशास्त्राचा याहून चोख पहिला प्रश्न सापडणं कठीण. आत्रेयांचं उत्तर असं की माणसांत कितीही फरक असले तरी चार गोष्टी सगळ्यांना सामाईक असतात: वायू, पाणी, देश आणि काळ. त्या बिघडल्या की सगळे एकदम आजारी पडतात. त्या का बिघडतात, यावर ते अधर्माकडे बोट दाखवतात, आणि त्यात आधी उल्लेख येतो तो देश, नगर आणि जनपद यांच्या प्रमुखांनी धर्म सोडल्याचा. हा अधर्म केवळ मेलेल्याच्या मागच्या जन्मातला नाही. तो सत्तेवर बसलेल्यांचाही आहे, चालू काळातलाही आहे.

पुढे अग्निवेश आयुष्याबद्दल विचारतो: ते ठरलेलं असतं की नसतं? आत्रेय दैव आणि पुरुषकार दोन्ही मानतात, आणि म्हणतात की सगळ्यांचं आयुष्य ठरलेलंच असतं तर औषधाला, पथ्याला, धोका टाळण्याला अर्थच उरला नसता. अकाली मृत्यू समजावताना ते गाडीच्या आसाचा दाखला देतात. चांगला आस नीट वापरला तर झिजून झिजून आपल्या वेळी मोडतो. तोच आस अति ओझ्याने, खाचखळग्यांच्या वाटेने, गाडीवानाच्या चुकीने किंवा वंगण न मिळाल्याने मध्येच मोडतो. मोडला हे दोन्हीकडे खरं. पण दुसऱ्या वेळी आसाची वेळ आली होती असं कोणी म्हणणार नाही. असल्फ्याच्या आजीचा आस झिजलेला होता, हे मान्य. पत्रा, तीन रात्रींचा उकाडा आणि नळाला पाणी येईपर्यंत हंडे घेऊन उभं राहणं, हे ओझं त्यावर कोणी टाकलं, हा प्रश्न त्याने मिटत नाही.

बौद्ध परंपरेत हाच मुद्दा आणखी थेट येतो. संयुत्तनिकायातल्या एका सुत्तात मोळियसीवक नावाचा परिव्राजक राजगृहात बुद्धांना विचारतो: माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळं पूर्वकर्मामुळेच, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचं काय म्हणणं? बुद्ध आठ कारणं मोजतात. पित्त, कफ, वात, तिघांचा एकत्र प्रकोप, ऋतूचा पालट, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेली इजा, आणि आठवं, कर्माचा विपाक. सगळं काही पूर्वकर्माने घडतं असं म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्या आणि जगाने खऱ्या मानलेल्या गोष्टींच्या पलीकडे जातात, असं ते स्पष्ट सांगतात. ऋतू हे वेगळं कारण, कर्म हे वेगळं कारण. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरापासून मुलुंडच्या वस्त्यांपर्यंत ज्या घरांत बुद्धवंदना होते, त्या घरांत मे महिन्यात गेलेल्या माणसाबद्दल ‘नशिबात होतं’ म्हणण्याची गरज नाही, असा या सुत्ताचा सरळ अर्थ आहे.

म्हणजे आपल्याकडच्या परंपरांनी प्रारब्धाचं दार उघडं ठेवलं तसं दुसरंही दार उघडं ठेवलं होतं. वापरात मात्र पहिलंच राहिलं, कारण ते सगळ्यांच्या सोयीचं आहे. शोक करणाऱ्याला त्याने धीर येतो, आणि ज्याने उत्तर द्यायचं त्याची सुटका होते. धीर देणं गैर नाही. सुटकेला मात्र हरकत घ्यायला हवी.

ही हरकत महाराष्ट्रात सर्वांत तीव्रपणे 16 एप्रिल 2023 ला मनात आली. खारघरच्या मैदानावर आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्रभूषण पुरस्कार देण्याचा सोहळा होता. वडील नानासाहेबांना 2008 चा हाच पुरस्कार मिळालेला. दासबोधाच्या निरूपणाच्या बैठकांनी जोडलेले श्रीसदस्य लाखोंनी आले. कोकणातून, ठाण्याहून, मुंबईच्या उपनगरांतून. वृक्षारोपण, स्वच्छता, व्यसनमुक्ती ही ज्यांची ओळख, अशी ही शिस्तीची माणसं. मैदान उघडं होतं, तापमान 38 अंशांच्या आसपास, वर समुद्राची दमट हवा. दमट हवेत घाम सुकत नाही, आणि घाम सुकला नाही तर तो कितीही आला तरी अंग थंड होत नाही. 14 जणांचा मृत्यू झाला. सरकारने प्रत्येक कुटुंबाला पाच लाख रुपये जाहीर केले, एकसदस्य चौकशी समिती नेमली, आणि दुपारी 12 ते 5 या वेळेत उघड्यावर कार्यक्रम न घेण्याचा निर्णय जाहीर झाला.

त्या दिवशीच्या मृत्यूंबद्दल एक वाक्य पुष्कळ ठिकाणी ऐकू आलं: गुरूच्या सोहळ्यात मरण आलं, भाग्य म्हणायचं. श्रद्धेने हे म्हणणाऱ्याच्या भावनेला धक्का लावण्याचं कारण नाही. पण उन्हात स्वेच्छेने बसणं आणि उन्हात बसवलं जाणं यांत धर्मानेच मोठा भेद केला आहे. चारी बाजूंना अग्नी आणि डोक्यावर सूर्य घेऊन पंचाग्निसाधन करणारा तपस्वी केव्हा बसायचं आणि केव्हा उठायचं हे स्वतः ठरवतो. घाटकोपर-मुलुंडच्या जैन घरांत वर्षीतप करणाऱ्या, एक दिवसाआड उपास करून अक्षय्य तृतीयेला उसाच्या रसाने पारणं करणाऱ्या व्यक्तीला घरचे, शेजारचे, महाराज साहेब सगळे विचारत असतात, आणि तिच्यासाठी सावली असते. खारघरला आलेला श्रीसदस्य आदराने बसला होता. कार्यक्रम चालू असताना मध्येच उठणं त्याच्या संस्कारात बसत नव्हतं. जमाव जितका श्रद्धाळू, तितकी त्याला बसवणाऱ्याची जबाबदारी जड. श्रद्धा ही संयोजकाला मिळालेली सवलत नाही.

खारघरला नावं तरी होती. थॉमस शेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने 1968 मध्येच दाखवून दिलं होतं की एका नाव-चेहरा असलेल्या मुलीच्या शस्त्रक्रियेसाठी लोक पैशांचा पाऊस पाडतात, पण कर कमी पडल्याने रुग्णालयांची अवस्था खालावून काही अनाम माणसं जास्त मरणार असतील तर फारसं कोणाचं मन हलत नाही. पाच लाख नाव असलेल्यांना मिळतात. 2023 साली उष्णतेची लाट केंद्राच्या आपत्तींच्या अधिकृत यादीत नव्हती. पूर होता, चक्रीवादळ होतं, भूकंप होता. या आपत्तींत मृतदेह आणि कारण एकाच ठिकाणी सापडतात.

खारघरनंतर महिनाभरात हवामानतज्ज्ञांच्या वर्ल्ड वेदर ॲट्रिब्यूशन या आंतरराष्ट्रीय गटाने हिशेब मांडला: भारत आणि बांगलादेशात त्या एप्रिलमध्ये जशी दमट उष्णता पडली, तशी पडण्याची शक्यता माणसाने घडवलेल्या हवामानबदलामुळे किमान 30 पटींनी वाढली आहे. कारणांची साखळी अशी मैदानाच्या बाहेर, समुद्रापार जाते. तत्त्वचिंतक डेरेक पार्फिट यांनी 1984 साली एक कल्पित उदाहरण मांडलं होतं. हजार जण प्रत्येकी एक बटण दाबतात, त्या एकेका बटणाने समोरच्याच्या वेदनेत जाणवणारही नाही इतकीच भर पडते, आणि तरी शेवटी वेदना असह्य होते. प्रत्येक जण म्हणू शकतो की माझ्यामुळे काही झालं नाही. मुलुंडच्या नव्या टॉवरमधला प्रत्येक एसी आतली उष्णता बाहेर टाकतो. शेजारच्या बैठ्या चाळीतल्या रात्रीत त्या एका यंत्राने पडलेली भर थर्मामीटरला कळणार नाही. टॉवरमधल्या माणसालाही झोप हवी, आणि त्याच्या घरातही म्हातारी आई असेल. म्हणून हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या सदसद्विवेकावर सोडून भागत नाही. तो इमारतींच्या नियमांचा, झाडांचा, छपरांचा होतो.

सरासरीवरून माणसाबद्दल बोलावं का, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी 1971 मध्ये दारिद्र्याची रेषा रोजच्या 2,250 कॅलरींवर बेतली. पांडुरंग सुखात्मे यांनी त्यावर आक्षेप घेतला: एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते, सरासरीखाली खाणारा प्रत्येक जण उपाशी नसतो, सरासरीवर रेघ मारून कुपोषितांची संख्या काढणं चूक. दांडेकर आणि सुखात्मे या पुण्यातल्या दोन मोठ्या माणसांचा वाद वर्षानुवर्षं चालला. सुखात्म्यांचा गणिती मुद्दा भक्कम होता. पण त्याचा उपयोग करून उपाशी माणसांची संख्या कमी दाखवता येईल, ही विरोधकांची भीतीही पोकळ नव्हती. उन्हाच्या बाबतीत दोन्ही बाजू ध्यानात ठेवाव्या लागतात. सरासरी एकाही माणसाचं नाव सांगत नाही. म्हणून ती खोटी ठरत नाही.

शिकागोने हे 1995 मध्ये अनुभवलं. त्या जुलैतल्या लाटेत मृतांची रांग लागली तेव्हा तिथले मुख्य वैद्यकीय परीक्षक एडमंड डोनोह्यू शेकडो मृत्यू उन्हाचे म्हणून नोंदवू लागले. महापौर रिचर्ड डेली यांनी जाहीरपणे शंका घेतली. उन्हाळ्यात मरणारा प्रत्येक माणूस उन्हानेच मरतो असं थोडंच आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. पुढे त्या आठवड्याचे अतिरिक्त मृत्यू मोजले तेव्हा ते 739 निघाले, डोनोह्यूंच्या आकड्याहून कितीतरी जास्त. महापौरांचा युक्तिवाद एकेका माणसाला लावला तर खोडता आला नसता. सगळ्या शहराला लावला आणि तो कोसळला.

अहमदाबादेतही मे 2010 च्या लाटेनंतर अशीच मोजणी झाली: 1,344 अतिरिक्त मृत्यू. 21 मे या एका दिवशी 310 जण गेले होते. त्यातून 2013 मध्ये त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला अशा प्रकारचा पहिला. इशारे, रुग्णालयांची तयारी, पाण्याची सोय, वस्त्यांमधून जागृती. नंतरच्या अभ्यासात अंदाज आला की त्यामुळे वर्षाला सरासरी 1,190 मृत्यू टळले.

या 1,190 जणांबद्दल जरा थांबून विचार करायला हवा. ते आज अहमदाबादेत हिंडत असतील, भाजी विकत असतील, नातवंडांना शाळेत सोडत असतील. आपण वाचलो हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नाही. त्यांना वाचवणाऱ्या कर्मचाऱ्यालाही आपण कोणाला वाचवलं हे कधी कळणार नाही. त्याचे कोणी आभार मानणार नाही, पुण्याचा हिशेब त्याच्यापाशी कधी येणार नाही. फळाची अपेक्षा न ठेवता कर्म करण्याची शिकवण आपण ज्या अर्थाने पाठ करतो, त्याहून इथे ती कितीतरी कठोर आहे. इथे फळ दिसण्याचीच सोय नाही.

तरी अशा अनाम माणसासाठी काही करण्याची सवय आपल्या पंचांगात जुनी आहे. चैत्रात हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीच्या हातात पन्हं आणि आंब्याची डाळ येते. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला घडा दान देतात. छत्री आणि पादत्राणं देण्याचाही प्रघात आहे. पाणपोई घालणाऱ्याला तिथे कोण पाणी पिऊन गेला ते विचारायचं नसतं. रामनवमीला शिर्डी गाठण्यासाठी उपनगरांतून निघालेल्या साईपालख्यांना ठाण्यापासून कसाऱ्याच्या घाटापर्यंत ओळखपाळख नसलेली माणसं ताक आणि पाणी देतात. ज्याचं नाव माहीत नाही त्याच्या तहानेचं ऋण मानणारा हा धर्म आहे, आणि संख्याशास्त्राचा अनाम मृत त्याला परका वाटायला नको.

पण पाणपोईने पत्रा थंड होत नाही. किनाऱ्यावरच्या ठिकाणी कमाल तापमान 37 अंश झालं आणि ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असलं की हवामान खातं उष्णतेची लाट मानतं, आणि मुंबईचा निवाडा मुख्यतः कुलाबा आणि सांताक्रूझ या दोन वेधशाळांवर होतो. समुद्राचा वारा उशिरा पोचतो त्या मुलुंडची किंवा बोरिवली पूर्वेची दुपार त्यात पुरती येत नाही. पत्र्याखालची रात्र तर मुळीच नाही. महापालिकेचा हवामान कृती आराखडा मार्च 2022 मध्ये आला आणि त्यात शहरी उष्णतेची दखल आहे. पुढचं पाऊल साधं आहे: प्रभागनिहाय रोजचे मृत्यू, वय आणि ठिकाणासह, अभ्यासकांना वेळेत खुले करणं. देवनारला लोकसंख्याशास्त्राची राष्ट्रीय संस्था 1956 पासून आहे. मोजणारी माणसं शोधायला लांब जावं लागणार नाही.

भरपाईचा विचारही एका नव्या पद्धतीने सुरू झाला आहे. स्वयंरोजगारी स्त्रियांच्या ‘सेवा’ या संघटनेने गुजरात, राजस्थान आणि महाराष्ट्रातल्या 22 जिल्ह्यांत सुमारे 50,000 स्त्रियांसाठी उष्णतेचं संरक्षण घेतलं. 2024 च्या उन्हाळ्यात पारा 40 अंशांवर गेला तेव्हा प्रत्येकीच्या खात्यात 400 रुपये थेट जमा झाले. डॉक्टरचा दाखला लागला नाही. मला ऊन लागलं हे कोणाला सिद्ध करावं लागलं नाही. तापमान चढलं एवढा पुरावा पुरला. त्या पैशांत एखादी दिवसभर घरी थांबू शकली असेल, एखादीने औषध आणलं असेल. घाटकोपर किंवा अंधेरीच्या नाक्यावर सकाळी आठला कामाची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या मजुरासाठी असं काही करायचं, तर 40 ची रेघ चालणार नाही; इथे 36 अंश आणि दमट हवा तेवढंच काम करते. त्याच्यासाठी रेघ कुठे ओढायची हे मुंबईच्या मृत्यूंच्या नोंदींतून काढता येईल. दुपारच्या तीन तासांची त्याची मजुरी कोणी भरायची, हे त्या नोंदींतून निघणार नाही. ते महापालिकेच्या अंदाजपत्रकात, बिल्डरच्या करारात आणि सोसायटीच्या सभेत ठरवावं लागेल.